‘सरांना फोन लावा’: बेळगावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अ‍ॅजाइल कुठे अडलं, कसं सुटलं

पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात गावागणिक पतसंस्था आहेत. काही १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली, काही १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली. ज्यांच्या शाखा सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत, म्हणजे निपाणीतही आणि कागलातही, त्या २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली. एकाच गल्लीतल्या तीन संस्थांचे अहवाल त्यामुळे तीन तऱ्हेचे असू शकतात. वर भाषेचा मामला: संचालक मंडळाची सभा मराठीत, सहकार खात्याकडे जाणारे तक्ते कन्नडमध्ये, ऑडिटरचे शेरे इंग्रजीत.

अशा संस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या, बेळगाव शहरातल्या वीसेक माणसांच्या एका कंपनीनं अ‍ॅजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं तयार करून देत जाण्याची पद्धत, आणली त्याची ही हकीकत. नावं काढून टाकली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम तसाच ठेवला आहे.

कंपनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या पिग्मीच्या, म्हणजे एजंट दारोदार जाऊन गोळा करतो त्या रोजच्या छोट्या ठेवींच्या, एका प्रोग्रामवर. मालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. सर स्वतः प्रोग्रामर, आणि माणसं जोडण्यात वाकबगार. कुठला सचिव कुठल्या गावचा, कुणाच्या मुलीचं लग्न कधी, सगळं तोंडपाठ. धंदा वाढला तो या ओळखींवर आणि फोनवर. कितीतरी संस्थांत कॅशियरच्या मागच्या भिंतीवर सरांचा मोबाइल नंबर पेनानं लिहिलेला असतो. तिथे अग्निशामक दलाचा नंबर सापडणार नाही, सरांचा सापडेल.

फॉक्सप्रो गेलं, डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हर आलं, पण रीत तीच राहिली. संस्थेनं मागितलं की तिच्यापुरता बदल करून द्यायचा. होता होता प्रत्येक संस्थेकडे सॉफ्टवेअरची वेगळीच आवृत्ती झाली. सोनेतारण कर्जाचं व्याज एका ठिकाणी दिवसावर, दुसरीकडे किमान सात दिवस धरून, तिसरीकडे स्लॅबनं. कुठे काय आहे हे एकाच माणसाला माहीत: अण्णांना. अण्णा म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे प्रोग्रामर, कमी बोलणारे, आणि ऑफिसात सगळ्यांत आधी येणारे.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. त्यात देशभरासाठी एकच सामाईक सॉफ्टवेअर होतं आणि ते उभं करण्याचं काम नाबार्डकडे. आपल्याकडे ज्यांना पीकेपीएस म्हणतात त्या याच संस्था, आणि कंपनीच्या ग्राहकांत त्यांचा भरणा मोठा. सरांनी ताडलं की हे गिऱ्हाईक आज ना उद्या हातचं जाणार. सौहार्द आणि बहुराज्य संस्था तरी टिकवायच्या, तर इंटरनेटवर चालणारं, सगळ्यांना एकच आवृत्ती असलेलं, पिग्मी एजंटच्या मोबाइलसकट नवं सॉफ्टवेअर हवं.

मग दीडेक वर्ष आराखड्यात आणि निम्म्या-शिम्म्या कामात गेलं. आराखडा जाडजूड झाला. सचिवांनी पानोपानी सह्या केल्या, वाचला मात्र कुणीच नाही. स्क्रीन तयार होत होते, त्यांवर चालणारी संस्था एकही नव्हती. अशात हिंजवडीतल्या आयटी कंपनीत काही वर्षं काढून माहेरगावी परतलेल्या एक मॅडम मॅनेजर म्हणून रुजू झाल्या. त्यांच्याकडे स्क्रमचं, म्हणजे अ‍ॅजाइलमधल्या एका रीतीचं, प्रमाणपत्र होतं आणि उत्साहही होता. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी सगळ्या कंपनीत एकदमच अ‍ॅजाइल लागू केलं.

पद्धत काय होती

थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात जमलेल्या १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला. सगळा आराखडा आधी आणि सगळं सॉफ्टवेअर शेवटी, याऐवजी थोडं थोडं चालतं काम ग्राहकाच्या हातात देत जायचं, असा त्याचा रोख. त्यातली सगळ्यांत रुळलेली रीत म्हणजे स्क्रम. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी ती १९९५ मध्ये मांडली, आणि तिची अधिकृत मार्गदर्शिका जेमतेम तेरा पानांची आहे. काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या छोट्या टप्प्यांत होतं, स्प्रिंट महिन्याहून मोठा नाही. रोज पंधरा मिनिटांची भेट. कामांची एक यादी, तिला बॅकलॉग म्हणतात, आणि तिच्यातलं आधी काय नंतर काय हे ठरवणारा एकच माणूस: प्रॉडक्ट ओनर. मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की हा माणूस एक असतो, समिती नव्हे, आणि त्याचा निर्णय सगळ्या संस्थेनं मानायचा असतो.

मॅडमनी दोन आठवड्यांचे स्प्रिंट ठरवले. भिंतीवर कामांचा बोर्ड लागला, एकेका कामाच्या रंगीत चिठ्ठ्या आल्या. प्रॉडक्ट ओनर म्हणून अर्थातच सरांचं नाव लिहिलं गेलं.

काय बिनसलं

पहिली गोष्ट रोजच्या भेटीची. सकाळी दहाला सगळे बोर्डापुढे उभे राहत, सर खुर्चीत बसत. पोरं एकमेकांशी बोलायची सोडून सरांकडे तोंड करून बोलत. मॅडमनी ‘प्रोफेशनल वाटतं’ म्हणून भेट इंग्रजीत ठेवली होती. बैलहोंगलचा एक मुलगा कन्नड बोलणारा, येळ्ळूरच्या दोघी मराठी, आणि तिघंही आपापसात दोन्ही भाषांची भेळ करून सुरेख काम करणारे. इंग्रजीत उभे केल्यावर तिघांचीही वाक्यं एकच झाली: काल काम केलं, आज काम करणार, अडचण काही नाही. अडचणी होत्या. पासबुक प्रिंटरवर कन्नड जोडाक्षरं तुटत होती आणि त्या पोराला हे चार दिवस माहीत होतं. ते त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं, बोर्डापुढे नाही.

दुसरी गोष्ट फोनची, आणि हीच मुळातली. स्प्रिंट सुरू होऊन तिसरा दिवस उजाडला की सरांना फोन यायचा. निपाणीकडचे एक चेअरमन: “सर, कालच्या सभेत ठराव झालाय, सोनेतारणाचा दर बदललाय, उद्यापासून लागू. तेवढं करून टाका की.” सर म्हणत, “टाकतो की.” आणि बोर्डाकडे न बघता अण्णांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहत. अण्णांना मदत म्हणून नव्या सॉफ्टवेअरवरचा एकजण उचलला जाई. दोन आठवड्यांनी डेमोच्या वेळी निम्म्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे. त्या पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या जात, तिथेही तेच. तिसऱ्या स्प्रिंटनंतर पोरांनी नियोजनाच्या बैठकीत बोलणंच सोडलं. जे ठरणार ते मोडणार हे माहीत असताना घसा कोण कोरडा करणार!

तिसरी गोष्ट पॉइंटांची. कामाचा आकार अंदाजानं सांगायला पॉइंट देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत तिचा उल्लेखसुद्धा नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सरांना आकडा आवडला. “या पंधरवड्यात कुणाचे किती?” असं ते विचारू लागले, आणि पगारवाढीच्या तक्त्यात एक रकाना आला. महिन्याभरात पिग्मी पावतीचा जो स्क्रीन तीन पॉइंटांचा होता तसलाच दुसरा आठाचा झाला. पॉइंट वाढत गेले, काम होतं तेवढंच राहिलं. यात पोरांची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. पगार ज्या आकड्यावर, तो आकडा फुगणारच.

चौथी गोष्ट मात्र कंपनीबाहेर घडली. खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या सौहार्द संस्थेनं पहिल्यांदा नवं सॉफ्टवेअर घेण्याची तयारी दाखवली. दर स्प्रिंटनंतर तिथे नवी आवृत्ती चढायची. एका शुक्रवारी चढवलेल्या आवृत्तीत पिग्मीच्या व्याजाच्या पूर्णांकनाचा नियम बदलला होता. जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक खात्याचं व्याज रुपयात पूर्ण करून मग बेरीज करायचं, नवं आधी बेरीज करून मग. संध्याकाळी दिवसअखेर करताना रोजकीर्दीत, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाच्या नोंदीत, सात रुपयांचा फरक.

सात रुपये म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट वाटेल. पतसंस्थेत ती तशी नसते. रोजकीर्द जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही, आणि तिजोरी बंद झाल्याशिवाय कॅशियर घरी जात नाही. कॅशियर एक बाई होत्या. बाहेर पाऊस, शेवटची एसटी गेलेली. त्यांनी दिवसभरातल्या सगळ्या पिग्मी पावत्या एजंटवार लावून हातानं बेरजा मारल्या. रोख पैसा न पैसा जुळला, कारण चूक पैशाची नव्हतीच. रात्री नऊनंतर सचिवांनी त्यांना मोटारसायकलवरून घरी पोचवलं आणि मग सरांना फोन लावला. “दर पंधरा दिवसांनी नवीन काढायचं ते तुमचं बंद करा बघा. आमच्या बाईंनी उद्यापासून लेजर हातानं लिहायचं म्हटलंय.”

समोर असलेले पर्याय

ऑगस्टच्या अखेरीस सर, मॅडम, अण्णा आणि सपोर्ट बघणारा मुलगा असे चौघे बसले. सरांचा पहिला विचार सरळ होता: हे पुण्या-बेंगळुरूचं थेर आपल्याकडे चालत नाही, जुनं बरं. मॅडमचा विचार उलट टोकाचा: स्प्रिंट चालू असताना कुणीही काहीही मागायचं नाही, सरांनीसुद्धा. पहिला मान्य केला असता तर कंपनी दीड वर्षापूर्वी जिथे अडकली होती तिथेच पुन्हा गेली असती. दुसरा पहिल्याच मार्चअखेरीला मोडला असता. ३१ मार्चच्या आठवड्यात व्याजाची तरतूद चुकली असं सांगणाऱ्या सचिवाला “पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू” हे उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये.

सपोर्टवाल्या मुलानं तिसरंच काढलं. तो महिनाभर येणारा प्रत्येक फोन एका वहीत लिहीत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण मॅडम एकदा म्हणाल्या होत्या की अडथळे दिसले पाहिजेत, ते त्यानं मनावर घेतलं. त्या वहीवरून तीन गोष्टी दिसल्या. खरी अडचण, म्हणजे काम थांबलंय असे फोन, थोडे. कसं करायचं ते विचारणारे फोन भरपूर. आणि ‘नवीन काहीतरी करून द्या’ यातले निम्म्याहून जास्त थेट सरांच्या मोबाइलवर आलेले, सपोर्टला ठाऊकही नसलेले.

वही फिरली तेव्हा सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी नाही म्हटलं तर उद्या ते दुसऱ्याकडे जातील.” माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ याच वाक्यात आहे. सरांची भीती खोटी नव्हती. याच होकारावर त्यांनी कंपनी उभी केली होती. बोर्ड, चिठ्ठ्या, पॉइंट यांपैकी कशालाही हात न लावता हा एक होकार तेवढा कुणाच्या हातात असावा, हे ठरवायचं होतं.

प्रॉडक्ट ओनर कोण, यावर मग दोन बैठका गेल्या. सर स्वतः राहिले तर ते आठवड्यातले तीन दिवस चिकोडी-अथणीच्या रस्त्यावर, आणि उरलेले तीन दिवस फोनवर. मॅडमना काम कळत होतं, पण त्यांनी नाही म्हटलं की पलीकडचा माणूस लगेच सरांना फोन लावणार. शिवाय सोनेतारणाचा लिलाव कसा होतो, जामीनदाराला नोटीस कधी जाते, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. अण्णांना सगळं माहीत, पण चारचौघांत बोलायला ते तयार नव्हते. मोठ्या पाच-सहा संस्थांच्या सचिवांची समिती करावी अशी सूचना सरांनीच केली. ती मॅडमनी हाणून पाडली, आणि बरोबर केलं. पाच सचिवांना पाच दिशांनी खेचायचं असतं, आणि प्रत्येकाची मागणी आपापल्या संस्थेत ठराव होऊन आलेली असते.

शेवटी नाव निघालं ते बाहेरचं. एका पतसंस्थेत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले मॅनेजर, ज्यांना आख्खा पट्टा काका म्हणून ओळखतो. मराठी, कन्नड दोन्ही अस्खलित, ऑडिटरशी इंग्रजीतही दोन हात करणारे. कॉम्प्युटरची भीती नाही, प्रेमही नाही.

काय केलं

काकांनी एकच अट घातली: “माझं नाही हे सरांचं पण नाही असलं पाहिजे. नाहीतर मी घरी बरा.” सरांनी मान्य केलं. सगळ्या संस्थांना पत्र गेलं, मराठीत आणि कन्नडमध्ये: काम थांबलं असेल तर सपोर्टचा नंबर, नवीन काही हवं असेल तर काका, वार्षिक देखभाल करार आणि बिलाबद्दल सर. काही सचिवांनी ते पत्र वाचून काय झालं म्हणून विचारायला सरांनाच फोन केला, ते सोडा.

कसोटी लवकर आली. बहुराज्य संस्थेच्या एका चेअरमनना, जे सरांचे कॉलेजपासूनचे मित्र, वार्षिक सभेआधी सभासदांना लाभांशाचं पत्र दोन्ही भाषांत छापून हवं होतं, दोन दिवसांत. सर गाडीत होते. त्यांनी फोन घेतला, चौकशी केली आणि म्हणाले, “काकांशी बोल.” पलीकडून जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी तीन आठवडे सांगितले. पण नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्या संस्थेत गेले, सभासदांची यादी एक्सेलमध्ये काढून पत्र कसं छापायचं ते तिथल्या क्लार्कला शिकवून आले. चेअरमन आठवडाभर रुसले, नंतर बोलू लागले. एक लहान संस्था मात्र याच कारणावरून दुसऱ्या कंपनीकडे गेली, ती गेलीच.

सपोर्ट आणि नवं काम वेगळं केलं गेलं. सपोर्टसाठी स्प्रिंट नाहीत. तिथे कानबान: टोयोटाच्या कारखान्यातून निघालेली, सॉफ्टवेअरमध्ये डेव्हिड अँडरसन यांनी रुजवलेली रीत, ज्यात एका वेळी हातात किती कामं घ्यायची याला मर्यादा असते. इथे मर्यादा तीनची ठेवली. चौथं काम आलं तर आधीच्या तिनातलं एक संपल्याशिवाय उचलायचं नाही. आणि नव्या सॉफ्टवेअरवरच्या प्रोग्रामरांपैकी एकजण आळीपाळीनं आठवडाभर सपोर्टला, बाकीच्यांना कुणी हात लावायचा नाही. हा फेरा पोरांना आधी शिक्षा वाटला. पण कॅशियरशी फोनवर अर्धा तास बोलून आलेला प्रोग्रामर स्क्रीन वेगळा बनवतो, हे दोन महिन्यांत दिसलं. ‘सेव्ह’चं बटण कुठे असावं यावरचे वाद बंद झाले.

रोजची भेट ज्याला जी भाषा येते तीत. सरांची खुर्ची हलवली. सरांनी ते हसत घेतलं असं म्हणता येणार नाही, पण घेतलं. प्रिंटरवर तुटणाऱ्या जोडाक्षरांची गोष्ट पुढच्याच आठवड्यात बोर्डावर आली. पॉइंटांचा रकाना पगाराच्या तक्त्यातून काढला. अंदाज द्यायचा तो फक्त लहान, मध्यम, मोठा.

आवृत्त्यांबद्दलचा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा वाटतो. काम दोन आठवड्यांनीच पुरं करायचं, डेमोही द्यायचा, पण संस्थेत नवी आवृत्ती चढवायची ती तीन महिन्यांतून एकदा. १ मार्च ते १५ एप्रिल काहीच चढवायचं नाही, चूक-दुरुस्ती सोडून. ऑडिट आणि वार्षिक सभेच्या दिवसांतही हात आखडता. व्याजाला हात लावणारा कुठलाही बदल आधी संस्थेच्या गेल्या वर्षीच्या खात्यांवर चालवून पाहायचा, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुन्या तेरजेशी जुळली तरच पुढे. हे काम सुरुवातीला अण्णा हातानं करायचे. मग येळ्ळूरच्या दोघींपैकी एकीनं ते आपोआप होईल असा प्रोग्राम लिहिला, आणि अण्णांनी पहिल्यांदाच बोर्डापुढे उभं राहून तोंड उघडलं, तिची चूक काढायला.

करारांचंही बघावं लागलं. नव्या बहुराज्य संस्थेला एकच किंमत, सगळं काम, १ एप्रिलला सगळ्या शाखा चालू आणि उशीर झाला तर दंड, असा करार हवा होता. दहा संचालकांपुढे सचिवाला तोंड द्यायचं असतं, त्यामुळे अशी मागणी स्वाभाविकच आहे. कंपनीनं टप्पे पाडून दिले: आधी ठेवी आणि पिग्मी, मग कर्जं, मग अहवाल. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे. मॅडमनी दोन आठवड्यांच्या डेमोचा आग्रह सोडला आणि दर महिन्याच्या संचालक मंडळाच्या सभेलाच डेमो जोडला. सभेत चहा-भजी होतात, ठराव होतात, त्यातच वीस मिनिटं स्क्रीन. संचालकांच्या सूचना त्याच बैठकीत लिहिल्या जाऊ लागल्या, आणि इतिवृत्तात येत असल्यामुळे नंतर “आम्ही असं म्हटलंच नव्हतं” हे बंद झालं.

निकाल

वर्षभरानंतर नवं सॉफ्टवेअर मोजक्या संस्थांत रोजच्या वापरात आहे, त्यात ती खानापूरची संस्थाही. कॅशियर बाईंनी हाताचं लेजर काही दिवस खरंच लिहिलं, मग सोडलं. पिग्मी एजंटचा अ‍ॅप आता नेट नसतानाही पावती घेतो आणि रेंज आली की पाठवतो. हे आधीच्या जाड आराखड्यात कुठेच नव्हतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात फिरणाऱ्या एका एजंटनं डेमोत विचारलं म्हणून आलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जुनी खाती नव्यात आणण्याचं काम रखडलंय. वर्षानुवर्षं खातेदारांची नावं कन्नडमध्ये नुडी फाँटात आणि मराठीत श्रीलिपीत टाइप केलेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना ‘र्‍या’ आणि रफार यांचे घोटाळे होतात, आणि पासबुकावर स्वतःचं नाव चुकलेलं कुणालाच चालत नाही. हे काम स्प्रिंटमध्ये बसत नाही. रोज थोडं थोडं, नाव न नाव तपासून करावं लागतं, त्यासाठी दोन तात्पुरत्या मुली ठेवल्या आहेत. तयार झालेले दोन चांगले प्रोग्रामर वर्षाच्या आत बेंगळुरूला गेले. स्क्रमचा अनुभव आहे हे त्यांच्या बायोडेटात लिहिलं होतं, आणि त्याला बाजारात भाव आहे. आणि सर अजूनही अधूनमधून अण्णांच्या टेबलापाशी जाऊन हळूच उभे राहतात. अण्णा आता त्यांना काकांकडे बोट दाखवतात.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात सगळीकडे एकदम करायला नको होती. सपोर्टवाल्या मुलाची वही आधी भरली असती, महिनाभर नुसते फोन मोजले असते, तर पहिले तीन स्प्रिंट वाया गेले नसते. मॅडमनी पुण्यातली रीत जशीच्या तशी उचलली. तिथे ग्राहक सात समुद्रांपार असतो आणि त्याच्याकडे मालकाचा मोबाइल नंबर नसतो, हा फरक त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. सरांना प्रॉडक्ट ओनर करणं तर वरवर सगळ्यांत सोपं आणि आतून सगळ्यांत महाग पडलं. ज्याच्या होकारामुळे यादी वाढते, त्याच्याच हातात यादी दिली.

पहिल्या संस्थेत आवृत्ती चढवण्याआधी तेरीज जुळवून पाहायची यंत्रणा हवी होती. ती नंतर एका मुलीनं थोड्या आठवड्यांत लिहिली, म्हणजे अवघड नव्हती, सुचली नव्हती. ज्या कामात रोज संध्याकाळी पैसा न पैसा जुळावा लागतो तिथे वेग आधी आणि चाचणी नंतर, हा क्रम चालत नाही. कॅशियरना डेमोला बोलावणंही फार उशिरा सुचलं. पहिले काही महिने डेमो पाहत होते ते सचिव, ज्यांनी स्वतः पावती कधी फाडलेली नसते.

पॉइंट पगाराशी जोडायचे नाहीत एवढं मॅडमना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी ते सरांना सांगितलंही, पण एकदाच, आणि नव्या नोकरीत दुसऱ्यांदा सांगायचं धाडस केलं नाही. नव्यानं आलेल्या माणसाला हे ऐकवता यावं म्हणून पाठीशी कुणीतरी जुनं लागतं. तिथे अण्णांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवं होतं. त्यांना वाटत राहिलं की हा बोर्ड त्यांना काढायला आलाय, आणि त्यांचा तो समज दूर करायला कुणी बसलं नाही.

काकांचं काय, हा प्रश्न उघडाच आहे. ते साठी ओलांडलेले आहेत आणि आठवड्यातून चारच दिवस येतात. अर्धी व्यवस्था त्यांच्या शब्दाच्या वजनावर उभी आहे, आणि ते वजन पत्र काढून दुसऱ्याला देता येत नाही. सध्या सपोर्टमधली एक मुलगी त्यांच्यासोबत संस्थांत जाते, सचिवांशी बोलते, सभांना बसते. चेअरमन लोक अजून तिच्याकडे बघून विचारतात, “काका कुठंत?” येत्या मार्चअखेरीला काही संस्थांची यादी तिनं एकटीनं लावायची असं ठरलंय, आणि त्या संस्था कोणत्या हे सरांनी नव्हे, काकांनी ठरवायचं.